धागा: लिनक्सच्या मशीनसाठी ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यावं? डेबियन, फ्रीकॅड आणि ब्लेंडरचं काम

शिरोली_ड्रॉइंग

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या पीसीचं ग्राफिक्स कार्ड बदलायचंय. मशीन असं: आय५-९४००एफ, एच३१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॅट छापलेला लोकल एसएमपीएस (पॉवर सप्लाय), सध्या जीटी ७१०. डेबियन १२ आहे आणि लिनक्सच ठेवायचंय. काम म्हणजे फ्रीकॅडमध्ये पंपाच्या केसिंगची आणि पॅटर्नची मॉडेल्स, गिऱ्हाइकाला दाखवायला ब्लेंडरमध्ये रेंडर, ओबीएसवर स्क्रीन रेकॉर्डिंग. मॉनिटर दोन, २४ इंची, १०८०चे. बजेट जीएसटी धरून २५ हजार. दुकानात जाईल तिथं एनव्हिडियाच दाखवतात. लिनक्सवर बिनतक्रार चालेल असं कुठलं? बोर्ड किंवा एसएमपीएसही बदलावा लागेल काय?

कर्नल_काका

आधी कामाचं वजन कुठं पडतं ते बघा, कारण तुमच्या यादीतल्या पहिल्याच कामाला कार्डाचा उपयोग कमी आहे. फ्रीकॅडमध्ये पॅड, फिलेट, बुलियन करताना जो वेळ जातो तो भूमितीच्या इंजिनाचा, म्हणजे ओपनकॅस्केडचा. तो प्रोसेसरवर जातो आणि बराचसा एकाच कोअरवर. कार्ड फक्त मॉडेल फिरवताना, झूम करताना ओपनजीएलमधून (कार्डाकडून चित्र काढून घ्यायची पद्धत) लागतं. दुप्पट किमतीचं कार्ड घातलं म्हणून फिलेट लवकर होणार नाही. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरला मात्र कार्डाचा खरा फरक पडतो.

आता ड्रायव्हर. विंडोजवर आपण कार्ड घेतो आणि ड्रायव्हर डाउनलोड करतो. लिनक्सवर ड्रायव्हरचे तीन तुकडे असतात: कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) मॉड्यूल, मेसा नावाची ग्राफिक्स लायब्ररी आणि कार्डाचं फर्मवेअर. एएमडीत पहिला एएमडीजीपीयू, कर्नल ४.२ पासून म्हणजे २०१५ पासून कर्नलमध्येच आहे. मेसात ओपनजीएलसाठी रेडिऑनएसआय आणि व्हल्कन या नव्या पद्धतीसाठी रॅडव्ही. इंटेलचंही असंच. हे तिन्ही तुमच्या डिस्ट्रोबरोबर (लिनक्सचा तयार संच, तुमच्याकडं डेबियन) येतात आणि तिच्याबरोबरच अपडेट होतात. म्हणून कार्ड बाजारात आलेली तारीख तुमच्या डिस्ट्रोच्या कर्नलपेक्षा जुनी असावी, हा पहिला नियम. डेबियन १२ चा कर्नल ६.१ आणि मेसा २२.३. त्यात २०२१ चं आरएक्स ६६०० अगदी मुरलेलं आहे. आरएक्स ७६०० २०२३ च्या मे महिन्यातलं, त्याला डेबियन १३ बरं, तिथं कर्नल ६.१२ आणि मेसा २५.० मिळतो. २०२५ मध्ये आलेली ९०७० आणि ९०६० एक्सटी डेबियन १२ वर घेऊच नका. स्क्रीन येईल, पण कमी रिझोल्यूशनची, आणि सगळं चित्र प्रोसेसर काढत बसेल.

माझं मत: आरएक्स ६६००, ८ जीबी. १३२ वॅट, एकच आठ पिनची जोडणी. कार्ड आठ लेनचं (डेटा जायच्या वाटांचं) आहे, तुमच्या बोर्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.०, तरी आठ लेनवर फरक किरकोळ पडतो. स्वस्त म्हणून ६४०० किंवा ६५०० एक्सटी घेऊ नका. त्यांना चारच लेन, ३.० च्या स्लॉटवर वाट निम्मी होते, आणि त्यांत व्हिडिओ एन्कोडर मुळातच नाही. ओबीएसचं सगळं ओझं प्रोसेसरवर येईल.

रंकाळा_६४

काकांना +१. पण भावा, कार्डाआधी तो एसएमपीएस बाहेर काढून त्याचं लेबल वाच. वरचा ४५० चा आकडा सोड. +१२ व्होल्टच्या ओळीत अँपिअर किती लिहिलेत ते बघ आणि १२ ने गुण. तेवढेच वॅट प्रोसेसरला आणि कार्डाला मिळतात. दोन १२ व्होल्ट रेल (ओळी) छापल्या असतील तर त्यांची बेरीज करायची नाही, खाली 'कंबाइन्ड' म्हणून जे लिहिलंय तेवढंच धर.

शिरोली_ड्रॉइंग

लेबलवर +१२ व्होल्ट, १६ अँपिअर. एकच ओळ आहे. आठ पिनची वायर नाही. दुकानदार म्हणतो मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावून देतो.

रंकाळा_६४

म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर ६५, कार्ड १३२, इथंच १९७ झाले. बोर्ड, डिस्क, पंखे यांचे ३०-४० अजून बाकी. साधं काम करताना चालेल, पण रेंडर लावलास की पाच-दहा मिनिटांत मशीन थेट बंद होणार. लॉगमध्ये काहीही सापडत नाही, कारण लिहायला वेळच मिळत नाही. मग माणूस ड्रायव्हरला दोष देत आठवडा घालवतो.

कन्व्हर्टर नकोच. स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनमधून ७५, आठ पिनमधून १५० असा हिशोब असतो. मोलेक्सच्या एका पिनेवर एवढा करंट टाकला की पिन तापते आणि प्लास्टिक वितळतं. साटावरून काढलेला कन्व्हर्टर त्याहून वाईट. नामांकित कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ, १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर असलेला एसएमपीएस घे. बजेटमधून तेवढे पैसे आधी बाजूला काढ, उरलेल्यात कार्ड बसव.

यूपीएस असेल तर तोही बघ. ६०० व्हीएचा यूपीएस सहसा ३६० वॅटचाच असतो. दोन मॉनिटरसकट तुझा भार ३०० च्या आसपास जाईल. बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर वीज गेल्यावर फाइल सेव्ह करायलासुद्धा वेळ मिळायचा नाही. शिवाय चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी असतो आणि काही स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लाटेवर तो एसएमपीएस बंद पडतो. बिल व्हायच्या आधी तिथंच लावून प्लग ओढून बघ. पावसाळ्यात आपल्याकडं वीज किती वेळा झपकते ते सांगायला नको.

मंगळवारपेठ_रेंडर

ब्लेंडर हे रोजचं काम असेल तर माझं मत वेगळं. सायकल्समध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिक्स (कार्डावर रेंडर करायची त्यांची पद्धत) आजही पुढं आहे. त्याच किमतीच्या एएमडी कार्डापेक्षा रेंडर लवकर उरकतो. एएमडीला त्याऐवजी एचआयपी लागतं, त्याचं रनटाइम वेगळं बसवावं लागतं, नुसत्या मेसावर सायकल्सला कार्ड दिसतच नाही. हे इथं कुणी आधी सांगितलं नाही म्हणून लिहितोय. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमवर जाऊन एचआयपीच्या टॅबमध्ये कार्डाचं नाव आलं तरच समजायचं की बसलं.

एनव्हिडिया घेतलंत तर पिढी बघून घ्या. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० ही पास्कल, ७५० टीआय मॅक्सवेल. या दोन्ही पिढ्यांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा, ५९० पासून त्या बाद. आज जुनी १०५० टीआय घेणं म्हणजे संपत आलेला ड्रायव्हर घेणं. ट्युरिंग म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिका, तिथून पुढं एनव्हिडियाने २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूल खुले केलेत आणि ते अजून सांभाळले जातात. तुमचा एसएमपीएस अगदीच बदलायचा नसेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॅटचं आहे, बाहेरून वायर लागत नाही. ८ जीबीवालं वेगळं, त्याला वायर लागते. बिलावर ६ जीबी लिहून घ्या.

कर्नल_काका

पिढीचा मुद्दा बरोबर. फक्त एनव्हिडियाच्या बाबतीत पुढची देखभाल काय असते तेही लिहितो, म्हणजे धागाकर्त्याला तुलना करता येईल.

एनव्हिडियाचा बंद (सोर्स खुला नसलेला) ड्रायव्हर डीकेएमएस या साधनातून प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला जातो. त्याला त्या कर्नलचे हेडर्स (बांधणीच्या फाइली) लागतात. 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे पॅकेज नसेल तर कर्नल अपडेट होतो, मॉड्यूल बांधलाच जात नाही आणि दुसऱ्या दिवशी काळी स्क्रीन. अशा वेळी ग्रबच्या (मशीन चालू होतानाच्या मेनूच्या) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून मागचा कर्नल चालू करायचा, हेडर्स घालायचे, मग 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये नव्या कर्नलपुढं इन्स्टॉल्ड लिहिलंय का बघायचं. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूल सहीचा लागतो. ती सही मशीनमध्ये नोंदवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. बरेच जण नुसतं एंटर दाबून पुढं जातात, मग मॉड्यूल लोड होत नाही आणि कारण कळत नाही.

वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची नवी व्यवस्था) खिडक्या लुकलुकण्याची जुनी तक्रार ५५५ च्या ड्रायव्हरपासून, एक्स्प्लिसिट सिंक आल्यावर, मिटली. पण डेबियन १२ मधला ड्रायव्हर आणि डेस्कटॉप त्याच्या आधीचे. तिथं जुनी एक्स११ व्यवस्थाच वापरावी.

शिरोली_ड्रॉइंग

म्हणजे रेंडर आठवड्यातून एक-दोनदाच असतो, तर एएमडीकडंच झुकतोय. इंटेल आर्कचं कुणीच बोललं नाही? बी५८० ला १२ जीबी आहे.

कर्नल_काका

कार्ड चांगलं आहे, तुमच्या बोर्डाला नाही. आर्कला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसायची सोय) लागतोच, नसेल तर वेग बराच पडतो. इंटेलच्या दहाव्या पिढीपासून तो अधिकृत आहे. नवव्या पिढीच्या काही बोर्डांना बायोस अपडेटमधून मिळाला. बायोसमध्ये 'अबव्ह ४जी डिकोडिंग' आणि 'रिसाइझेबल बार' हे दोन्ही दिसले तरच पुढं विचार करा, आणि त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय) बंद करून नव्या युईएफआयमध्ये बूट व्हावं लागतं. डेबियन जुन्या लेगसी पद्धतीनं बसवलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर ते उठणारच नाही. शिवाय बी५८० ला कर्नल ६.१२ किंवा पुढचा. एकंदरीत तुम्हाला नको.

उद्यमनगर_फिटर

मशीन शॉपजवळ असेल तर एक गोष्ट. फाउंड्रीची आणि ग्राइंडिंगची धूळ साध्या धुळीसारखी नसते, त्यात लोखंडाचे कण असतात आणि ते वीज वाहतात. कार्डाच्या मागच्या बाजूला पट्टी नसेल तर सोल्डरच्या उघड्या टाक्यांवर ते बसतात. पावसाळ्यातली दमट हवा मिळाली की शॉर्ट. कार्ड बॅकप्लेटवालं घ्या, कॅबिनेटला पुढून जाळीचा फिल्टर लावा, आणि शॉपच्या काँप्रेसरची हवा थेट मारू नका, त्या हवेत पाणी आणि तेल असतं. ब्लोअर वापरा, पंख्याची पाती बोटानं धरून. अर्थिंगही तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर कार्ड बसवायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

जुनं कार्ड घ्यायचा विचार कुणाच्या मनात असेल त्यांच्यासाठी.

बाजारात १०५० टीआय म्हणून विकली जाणारी बरीच कार्डं आतून जीटीएस ४५० किंवा ५५० टीआय असतात, बायोस बदललेली. विंडोजमध्ये नाव बरोबर दिसतं म्हणून माणूस फसतो. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह घेऊन जा. त्यात नुव्हो ड्रायव्हर असतो, तो नाव वाचत नाही, चिपला थेट विचारतो. टर्मिनलमध्ये डीमेसग (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवून नुव्होची ओळ बघा: जीपी१०७ आलं तर खरं १०५० टीआय, जीएफ१०६ किंवा जीएफ११६ आलं तर कार्ड काउंटरवरच परत ठेवा.

आरएक्स ५८० दोन प्रकारचं येतं, २३०४ शेडरचं आणि २०४८ चं. दुसऱ्याची किंमत कमीच हवी. मायनिंगमधून आलेल्यांत बायोसची मेमरी टायमिंग बदललेली असते. कार्डावर बायोसचं छोटं बटन असेल तर दोन्ही बाजूंना चालवून बघा. तपासणी किमान अर्धा तास: एका खिडकीत जीएलमार्क२ (कार्डावर भार टाकणारी चाचणी) सतत, दुसरीत तापमान दाखवणारी सेन्सर्स कमांड, तिसरीत डीमेसग चालू ठेवायचा. 'रिंग जीएफएक्स टाइमआउट' किंवा 'जीपीयू रिसेट' एकदा जरी दिसलं तरी सोडून द्या. एनव्हिडियाला बंद ड्रायव्हरवर 'एक्सआयडी ७९' म्हणजे कार्ड बसवरून निसटलं, तेही तसंच, फक्त आधी एसएमपीएस बदलून खात्री करा. स्क्रीनवर ठिपके-चौकटी आल्या तर मेमरी गेलेली. पंखे ताप वाढल्यावरच फिरतात, सुरुवातीला थांबलेले दिसले म्हणून घाबरू नका.

नवीन घेताना बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी त्यावरच चालते.

इचलकरंजी_फ्रेम्स

लग्नाच्या शूटिंगच्या एडिटिंगसाठी विचारते. दा विंची रिझॉल्व्ह लिनक्सवर फुकट आवृत्तीत चालवायचंय, कार्ड कुठलं? आणि आउटपुट ४के टीव्हीवर १२० हर्ट्झला बघायचा आहे, एचडीएमआयनं.

मंगळवारपेठ_रेंडर

ताई, रिझॉल्व्हसाठी एनव्हिडियाच घ्या, कुडामुळं (कार्डावर हिशोब करायची एनव्हिडियाची पद्धत) बसवणं सोपं जातं. एएमडीला रॉकएमचं ओपनसीएल वेगळं बसवावं लागतं, मेसाच्या ओपनसीएलवर विसंबू नका. पण कार्ड कुठलंही घेतलं तरी लिनक्सवरची फुकट आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ फाइल उघडत नाही. कॅमेऱ्याचं फुटेज नेमकं त्याचंच असतं. टाइमलाइनवर काहीच येत नाही आणि लोक कार्डाला बोल लावतात. आधी एफएफएमपेगनं डीएनएक्सएचआर एचक्यूमध्ये, आवाज पीसीएममध्ये आणि फाइल एमओव्ही, असं रूपांतर करून घ्यायचं. १०८० ला २५ फ्रेम असतील तर तासाला साधारण ८० जीबी जागा लागते. हळदीपासून वरातीपर्यंतचं सगळं फुटेज धरलं तर डिस्कचा खर्च कार्डाइतकाच येईल. स्टुडिओ आवृत्ती विकत घेतली तर एच.२६४ उघडतं.

कर्नल_काका

टीव्हीचं मी सांगतो. ४के १२० हर्ट्झला पूर्ण रंगांसह एचडीएमआय २.१ लागतं. एएमडीनं ते खुल्या ड्रायव्हरमध्ये आणायचा प्रयत्न केला आणि २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमनं परवानगी नाकारली. एएमडी कार्डाच्या खोक्यावर २.१ छापलेलं असलं तरी लिनक्सवर ते धरून चालू नका. ४के ६० नक्की मिळतं. मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्टची केबल वापरा. टीव्हीला सहसा डिस्प्लेपोर्ट नसतो, तेव्हा तुमच्या कामाला एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हरच सोयीचा, रिझॉल्व्हही त्याच बाजूला आहे.

शिरोली_ड्रॉइंग

आरएक्स ६६०० आणि ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस नक्की केला. बदलताना क्रम काय? प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळं मध्ये अडकलो तर स्क्रीनच नसेल.

कर्नल_काका

म्हणूनच तयारी जुनं कार्ड असतानाच करायची. कमांडची नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

सगळ्यात आधी सॉफ्टवेअर स्रोतांच्या फाइलमध्ये 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग आहे का बघा. डेबियन १२ ताजं बसवलं असेल तर असतो. ११ वरून अपग्रेड केलं असेल तर बहुतेक नसतो, कारण हा विभाग १२ मध्येच वेगळा झाला. मग 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स', 'मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स' आणि 'मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स' ही तीन पॅकेजेस बसवा. फर्मवेअर राहिलं तर डीमेसगमध्ये 'डिमग्रे केव्हफिश' अशा नावाची फाइल सापडत नाही असं येईल. आरएक्स ६६०० च्या चिपचं ते फर्मवेअरमधलं नाव आहे.

जीटी ७१० साठी एनव्हिडियाचा ४७० ड्रायव्हर घातला असेल तर तो पर्जसकट काढा. फक्त रिमूव्ह केलं तर सेटिंगच्या फाइली मागं राहतात. एक्स११ च्या फोल्डरमध्ये 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ' नावाची फाइल असेल आणि तिच्यात ड्रायव्हर म्हणून एनव्हिडिया लिहिलं असेल तर तिचं नाव बदला, नाहीतर नव्या कार्डावर लॉगिनची स्क्रीनच येणार नाही. ग्रबच्या ओळीत कुणी 'नोमोडसेट' घातलं असेल तर ते काढून 'अपडेट-ग्रब' चालवा. तो शब्द राहिला तर एएमडीजीपीयू चालूच होत नाही. इथंच सगळ्यात जास्त लोक अडकतात.

मग मशीन बंद, प्लग काढा, पॉवरचं बटन दोन-तीनदा दाबा. कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत टेपनं मोजा. दोन पंख्यांची कार्डं २०० ते २४० मिलिमीटर येतात. छोट्या बोर्डांवर साटाची तोंडं कार्डाखाली जातात, म्हणून डिस्कची वायर आधी लावा. आठ पिनचं तोंड सहा अधिक दोन असं असतं. प्रोसेसरचं आठ पिन चार अधिक चार असतं, ते इथं जबरदस्तीनं घालायचं नाही, ध्रुव उलटे आहेत. मॉनिटरची केबल कार्डालाच लावा. तुमच्या बोर्डावरचं तोंड या प्रोसेसरबरोबर मेलेलंच असतं.

चालू झाल्यावर 'एलएसपीसीआय -एनएनके' मध्ये कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज: एएमडीजीपीयू' दिसायला हवं. 'जीएलएक्सइन्फो -बी' मध्ये रेंडररपुढं कार्डाचं नाव हवं, 'एलएलव्हीएमपाइप' आलं तर चित्र प्रोसेसर काढतोय. 'व्हीएइन्फो' मध्ये एच.२६४ पुढं 'एनकस्लाइस' असलं की ओबीएसमध्ये व्हीएएपीआय, म्हणजे कार्डावरचा, एन्कोडर निवडता येतो. फेडोरा वापरणाऱ्यांना हे दिसणार नाही, तिथं २०२२ पासून हे कोडेक मेसातून वगळलेत. आरपीएम फ्यूजनमधलं 'फ्रीवर्ल्ड' नावाचं पॅकेज घालावं लागतं.

शाहूपुरी_बीएसडी

फ्रीबीएसडीवाल्यांसाठी (लिनक्ससारखीच, पण वेगळी सिस्टिम) दोन ओळी. तिथं एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमधूनच 'डीआरएम-केमॉड' म्हणून आणलेले असतात, म्हणून ते लिनक्सच्या थोडे मागं राहतात. कार्ड दोन-तीन वर्षं जुनं घ्या. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर फ्रीबीएसडीला आहे. ओपनबीएसडीला नाही, तिथं एएमडी किंवा इंटेलच, आणि फर्मवेअर 'एफडब्ल्यू_अपडेट'नं येतं.

शिरोली_ड्रॉइंग

सगळ्यांचे आभार. ७१० टाकून देऊ की ठेवू?

रंकाळा_६४

ठेव भावा. १९ वॅटचं कार्ड आहे, बाहेरची वायर लागत नाही. तुझ्या प्रोसेसरला ग्राफिक्स नाही, तेव्हा नवं कार्ड कधी वॉरंटीला गेलं तर स्क्रीन याच्यावर येईल. ४७० ड्रायव्हर आता अपडेट होत नाही, तो घालू नको. नुव्होवर फ्रीकॅड हळू चालेल, पण ड्रॉइंग उघडून प्रिंट काढण्यापुरतं पुरतं.

शिरोली_ड्रॉइंग

आणि जुना एसएमपीएस?

रंकाळा_६४

तो दुसऱ्या मशीनला लावायचा तर ग्राफिक्स कार्ड नसलेल्याच मशीनला. त्याआधी उघडून कपॅसिटर फुगलेत का ते जाणकाराकडून बघून घे. स्वतः उघडू नको, प्लग काढल्यावरही आत बराच वेळ ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहतो.